बालवाडीच्या फीची शिस्त

१ जुलै १९७४, सकाळी ७
काल रिठदच्या बालवाडीचा सेक्रेटरी झालो. लेकरं अडतीस, फी महिना एक रुपया. त्यातूनच सोनीबाईंचा पगार निघतो, पस्तीस रुपये. बाई सगळा हिशोब डोक्यात ठेवतात. भयंकर! आता सिस्टीम आणणार. प्रत्येक लेकराला नंबर, प्रत्येक नंबराला बिल.

४ जुलै
एसटीने वाशीम. पाचशे बिलं छापली. बालवाडीच्या शिलकेतून सत्तावीस रुपये गेले, उरले दोन. प्रेसवाल्यानं विचारलं, लेकरं किती? अडतीस म्हणालो. तो बराच वेळ बघत राहिला. आदर असावा.

८ जुलै
बिलं वाटली. नियम: फी फक्त माझ्याकडे, बिल दाखवून, सोमवारी दहा ते अकरा. बाईंनी पैसे घ्यायचे नाहीत. बाई म्हणाल्या, बरं. शिस्त लागतेय.

१५ जुलै, सोमवार
दहा ते अकरा चौघी आल्या. बाराला चतुराबाई रुपया घेऊन आली. वेळ संपली म्हणून परत पाठवली. म्हणाली, रुपया तं थोच हाये नं भाऊ. समजावलं. पदराला गाठ मारून गेली.

२२ जुलै
कोणी नाही. लाल शाईत रिमाइंडर लिहून लेकरांच्या सदऱ्यांना टाचण्यांनी लावले.

२३ जुलै
लेकरांनी वाटेत रिमाइंडर आपसांत बदलले. एक ग्यानबाच्या दारात पडला. ग्यानबाला मूलबाळ नाही. त्याची बायको कालपासून विचारून राह्यली, हे लेकरू कोणाचं. ग्यानबा मला शोधतोय. मागच्या गल्लीने ये-जा.

१ ऑगस्ट
एकूण वसुली चार रुपये. बाईंना पगाराऐवजी चिठ्ठी दिली: रक्कम येणे आहे. हे दुकानदार घेईन काय, त्यांनी विचारलं. नाही म्हणालो. त्यांनी चिठ्ठी नीट घडी करून परत दिली.

५ ऑगस्ट, सकाळी ८
बाई रोजानं शेतात निंदायला गेल्या. हरकत नाही. अडतीस लेकरं मी एकटा सांभाळीन.

सकाळी ९.४०
हजेरी नंबरांनी घेतली. कोणालाच आपला नंबर माहीत नाही. एक रडलं. मग सगळीच.

सकाळी ११
पायजमा दोनदा ओला. माझा नव्हे, म्हणजे माझाच, पण त्यांनी केला. तिघं रस्त्याकडे पळाली. चतुराबाईनं धरून आणली. मले काही बोलू नका, म्हणाली, मी काहीच म्हणत नाही.

६ ऑगस्ट
कमिटीचे अध्यक्ष पंजाबराव सकाळी बाईंना घरून घेऊन आले. बाई दारात बसल्या. तासाभरात एकतीस रुपये जमले. कोणाचा नवरा आजारी, कोण पंधरा दिवसांनी देईल, कोणाची ज्वारी येईल, सगळं त्यांना तोंडपाठ. कागद एकही नाही. मी समोर उभा होतो. बाईंनी बसायला पोतं सरकवलं, तेव्हा जास्त वाईट वाटलं.

सायंकाळी मीटिंग. माझा राजीनामा एकमतानं मंजूर.
मी दिला नव्हता. उद्या सकाळी लिहून द्यावा लागेल. तारीख आजची टाकीन.