पाण्यावर तीन टोले

२ मार्च १९५८, रविवार

टिकारामची आज पण डबल ड्यूटी. सकाळी "बाबा, जेवून घ्याजा" म्हणाला अन् गेला. पोरगा लोखंड उभं करून राहिला, बाप पत्र्याच्या खोलीत भिंतीशी बोलून राहिला! भंडाऱ्याहून निघताना वाटलं होतं, इथं भिलाईत आपल्या बोलीचे लोक मिळतील. आहेत की! पण जागे असले की कारखान्यात, घरी असले की घोरतात.

मजुरांच्या कॅम्पामागच्या गावच्या तळ्यावर आंघोळीला गेलो. पायरी उतरणार तोच मागून एक म्हातारी ओरडली, "ए बबा! मंगर हे!"

मगर! समोरच्या काठावर मी ओंडका समजलो होतो, तोच. बिनआंघोळीचा परत आलो.

५ मार्च

म्हातारीचं नाव मथुराबाई. घाटाचे कायदे त्यांनीच शिकवले. बांबू पायरीवरच ठेवलेला असतो. आधी पाण्यावर तीन टोले. मग शंभर मोजायचे. आवाजानं मगर पलीकडे सरकते. मगच उतरायचं, तेही गुडघ्यापर्यंत. दिवस बुडला की कोणी जायचं नाही. मासळीची घाण पाण्यात टाकायची नाही.

"अन् कधी कोणाले धरलं?" मी विचारलं.

"नइ धरिस. हमन ओखर घर मा रहिथन, ओ हमर घर मा नइ आवय."

आपण तिच्या घरात! कॅम्पातल्या एकाही शिकलेल्या माणसाले हे सुचलं नसतं.

१० मार्च

आज मथुराबाई अर्धा तास बोलल्या. मले निम्मं समजलं. पुष्कळ झालं.

१६ मार्च, रविवार

बाजारातून रोहू आणला. टिकाराम मुंडी खात नाही. फेकायची कशी? दुपारी घाटावर कोणी नसते. कायद्याप्रमाणे तीन टोले मारले, शंभर मोजले, अन् मुंडी टाकली पाण्यात. मथुराबाईंनी मनाई केली होती, ठाऊक आहे. पण पोट भरलेलं असलं तर ती कोणाच्या पायाकडे कशाले पाहीन? भल्याचंच आहे.

२० मार्च

मासळीवाल्याकडून रोज दोन मुंड्या मागून आणतो. आज शंभर मोजायच्या आतच पाण्यावर दोन डोळे दिसले. भीती वाटली, खोटं कशाले लिहू! पण बरंही वाटलं. या भिलाईत कोणीतरी माह्यासाठी आलं.

३० मार्च

तिसऱ्या टोल्यालाच आली! टिकारामले सांगणार होतो. तो झोपला होता.

९ एप्रिल

आजचं लिहून ठेवतोच.

सकाळी घाटावर आरडाओरडा. धावत गेलो. मथुराबाई पायरीवर पडलेल्या. लुगडं फाटलेलं, पोटरीतून रक्त. हंडा आडवा आला म्हणून वाचल्या. मगरीनं तो चेपून टाकला. दवाखान्यात नेलं. बारा टाके.

खाटेवर एकच बोलत होत्या, "मैं तीन बेर मारे रहेंव. तीन बेर!" टोले मारलेच होते म्हणे.

त्यांचा मुलगा बाबुलाल कारखान्यात रोजीवर आहे. मले म्हणाला, "माँ सठिया गई है, बाबा. भूल गई होगी."

१० एप्रिल

तीन टोले म्हणजे 'दूर हो'. गावानं पिढ्यान् पिढ्या मगरीले तेवढंच शिकवलं होतं. अन् मी तीन आठवड्यांत शिकवलं — तीन टोले म्हणजे 'ये, जेवायले ये'.

करायला गेलो गणपती, झाला मारुती. नाही, मारुती तरी लोकाले तारते.

११ एप्रिल

गावाच्या बाया हसतात. "डोकरी तीन गिनती भुला गे!" बाबुलालनं आईले सांगितलं, तुझा घाट बंद, आता घरात बस. चाळीस वर्षं ज्यांनी गावाले उतरायचं शिकवलं, त्यांना आज कोणी पायरीवर उभं राहू देत नाही.

भेटायला गेलो. खाटेवर भिंतीकडे तोंड. म्हणाल्या, "बबा, हो सकत हे भुला गे होहूं."

आपणच भुललो असू, म्हणे! स्वतःवरचाच भरोसा गेला त्यांचा! मी तोंड उघडलं. "पाय दुखते काय?" एवढंच निघालं. सांगितलं तर ते एक दार पण बंद. मंग या मुलखात मले 'ये, बस' म्हणणारं कोण?

१२ एप्रिल

रात्रपाळी करून आलेल्या टिकारामले उठवून सगळं सांगितलं. म्हणाला, "बाबा, मले काऊन नाही बोलले? मी होतो ना." होता म्हणे!

मग म्हणाला, "गप राहा. कोणाले समजणार नाही."

मले समजलं आहे ना.

१३ एप्रिल, रविवार

बाबुलालले सांगून गाव घाटावर बोलावलं. मथुराबाईंना खाटेसकट आणवलं. सगळ्यांना वरच्या पायरीवर थांबवलं. पाण्यावर तीन टोले मारले. हात रिकामे होते.

मगर आली. सरळ माह्या पायरीशी. मुंड्या टाकून हिले मीच असं यायले शिकवलं, हे सगळ्यांसमोर सांगितलं.

कोणी हसलं नाही. मथुराबाईंनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग माह्याकडे. लंगडत खाली आल्या, अन् बांबू माह्या हातातून काढून घेतला.