मोठ्या आवाजाचं घर

१२ जुलै
सईचा उजवा कान पुन्हा वाहिला. उशीवर पिवळा डाग. रात्रभरचं रडणं एकदम थांबलं, म्हणजे पडदा फुटला. गेल्या महिन्यात डावा. सासूबाईंनी खोळ बदलली. म्हणाल्या, "काहून घाबरून राहिली वं? आपल्या घरी सर्व्यायचेच कान वायले. मोठं झालं का थांबते." नितीनचा वाहायचा, त्याच्या बाबांचा, आत्याचा. या घरात कान वाहणं म्हणजे दुधाचे दात पडण्यासारखं.

१४ जुलै
सासूबाई लसणाचं कोमट तेल घेऊन निघाल्या होत्या सईच्या कानात घालायला. अडवलं. आता माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू.

२ ऑगस्ट
बालवाडीतून बोलावणं. नितीनच्या कापडदुकानात गिऱ्हाईक, म्हणून एकटीच गेले. तिथल्या बाई फार हळू बोलतात. म्हणाल्या, सई मागून हाक मारली तर वळत नाही. मला रागच आला. म्हटलं, घरी सगळं ऐकते हो, इथे लाजत असेल.
घरी आल्यावर तिच्या पाठीमागे उभी राहून बाईंसारखं बोलून पाहिलं. ती खेळतच राहिली. पुन्हा बोलले, पुन्हा तेच.

५ ऑगस्ट
कानाचे डॉक्टर. दोन्ही पडद्यांमागे गोंदासारखं पाणी साचलंय, पडदे हलतच नाहीत. चित्र काढून दाखवलं. नाकामागून कानात जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी, त्यामुळे सर्दी सरळ कानात. वाढत्या वयात ती तिरपी होते. पण नळीची ठेवण, सर्दीशी लढायची शरीराची तऱ्हा, यातलं बरंच वारशानं येतं. एकच जीन नाही, कित्येक, थोडे थोडे.
मग विचारलं, घरात कुणाला कमी ऐकू येतं का? नितीन म्हणाला, नाही. इतक्या मोठ्यानं म्हणाला की बाहेरचे पेशंट वळून पाहायला लागले. डॉक्टरांनी त्याचीही तपासणी केली. दोन्ही कानांनी कमी.

६ ऑगस्ट
लग्न होऊन गांधीबागेत आले तेव्हा वाटायचं, ही माणसं सारखी भांडतात. माहेरी प्रताप नगरला आवाज चढवायची पद्धतच नव्हती. इथे वरण वाढू का तेही ओरडून. वर्षभरात मीही शिकले.
अरे देवा. सगळे अर्धे बहिरे म्हणून सगळे ओरडतात. आणि ओरडतात म्हणून पोरीला ऐकू येत नाही हे कुणालाच... तिसरं वर्ष सरलं. आई, दे, नको. एवढेच शब्द. कसं भरून निघणार हे?

९ ऑगस्ट
सासूबाईंना सगळं सांगितलं. कुणाचा दोष नाही हेही सांगितलं, तेवढं ऐकू गेलं की नाही कोण जाणे. बराच वेळ कोथिंबीर निवडत बसल्या. मग म्हणाल्या, "नितीन शाळेत मार खाऊन येत होता. मी त्याले ढ म्हणत होती वं." मला त्यांच्यावर धड रागावताही येत नाही आता.

२१ सप्टेंबर
ऑपरेशन झालं. नाकामागची वाढलेली गाठ काढली, पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांनी नळ्या आपोआप पडतील. पाणी पुन्हा साचेल का ते सांगता येत नाही. नितीन म्हणतो, चांगलं बोल. कुठून आणू चांगलं?

३० सप्टेंबर
कुकरच्या शिट्टीला दचकली! नितीनच्या डोळ्यांत पाणी. आता घरात हळू बोलायचं ठरलंय, तर कुणालाच कुणाचं कळत नाही. वांगी सांगितली, कांदे आले. मला हसूही येईना.

१६ फेब्रुवारी
सईच्या नळ्या पडून गेल्या. आठवडाभर सर्दी. आज सासूबाईंनी जेवायला हाक मारली, नेहमीच्या आवाजात, तर हिनं दोन्ही कानांवर हात दाबले. त्या खूश. "पाह्य वं, आता आवाज सहन नाही होऊन राहिला तिले." नितीनलाही तेच वाटलं. मी मात्र तिच्या हातांकडे पाहत होते. हाक थांबली तरी तिनं उजवा हात काढला नव्हता.
डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली. तिला मांडीवर घेतलं, हळूच विचारलं, दुखतं का बाळा?
तिनं माझ्या ओठांकडे पाहिलं.