मुक्ताच्या पडद्यावरचा लेख

देवळी, मंगळवार, संध्याकाळ

लिहायलाही लाज वाटते. नात मुक्ताने मोबाइल-टीव्हीसाठी आपोआप उजळणारा पातळ पडदा तयार केला, आणि त्याच्या पेटंटवर परीक्षकाने हरकत घेतली. अर्जाआधीच सगळी रीत छापून आली होती, मग नवं काय उरलं? हरकतीसोबत पुरावा म्हणून साप्ताहिकातलं कात्रण. लेख निनावी, पण माझाच. कौतुकाच्या भरात कोणता थर कशावर बसतो तेही लिहून बसलो, वर त्या उजेडाला म्हटलं 'काळोखात उमललेली कमळं'! शाळेतल्या कवितांचा नाद, दुसरं काय.

शुक्रवारी वकील म्हणाले, तिला न विचारता छापलं असं लिहिणाऱ्याने प्रतिज्ञापत्रावर सांगितलं, तर अर्ज वाचू शकेल. तरी मी गप्प. काऊन? तिच्या नजरेतून उतरायची भीती. ते कात्रण मात्र डोळ्यांपुढून हलेना.

आज चहाच्या वेळी म्हटलं, "मुक्ते, तो लेख माझा."

"मालूम आहे, आबाजी. अंधारात कमळं आपल्या घरी दुसरं कोण फुलवते?"

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमच्या तोंडून ऐकाचं होतं."

तिने टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र पुढे ठेवलं. त्यात माझं नाव होतं, आणि तारीख शुक्रवारची. ती खोडून आजची घालावी लागली.