मागच्या डाव्या बाजूची फळी

मी, लोथर अल्विन ग्योपफर्ट, वय ८३, राहणार एस्लिंगेन, धंदा जुन्या मोटारींची दुरुस्ती, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. मला पत्नी किंवा मुलं नाहीत. आधीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत मी हॉर्श गाडी संग्रहालयाला दिली होती.

१. वर्कशॉप, त्यातली सर्व हत्यारं आणि वरची राहती जागा नुर्तेन आयदोआन हिला द्यावी. ती एकोणीस वर्षं माझ्याकडे मोटारींच्या गाद्या शिवते. मी पत्र्याचं काम शिकलो आणि गादीकामाला आयुष्यभर कमी लेखलं. तिच्यासमोरही. त्याबद्दल दिलगीर आहे.

२. गाड्यांच्या इतिहासाच्या माझ्या चौदा फाइली आमच्या जुन्या मोटारींच्या क्लबला द्याव्यात. मर्सिडीज ६००, बीएमडब्ल्यू ५०७, चॅन्सलरसाहेबांची ती मोठी मर्सिडीज ३००, सगळ्यांच्या नोंदी आहेत. फक्त नववी फाइल सुधारून घ्यावी. तीत १९३७ च्या हॉर्श ८५३ पुढे मी ‘आतील सजावट मूळची’ असं लिहिलं आहे. ते खोटं आहे.

३. त्याच गाडीला क्लबच्या स्पर्धेत मिळालेला चांदीचा चषक क्लबला परत करावा. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण देणाऱ्या परीक्षकांनी गाडीखाली आरसा सरकवून पाहिलं होतं. लाकडाच्या मागे त्यांनीही पाहिलं नाही.

४. ही हॉर्श गाडी माझी थोरली बहीण गुद्रुन ग्योपफर्ट, राहणार त्स्विकाऊ, हिला द्यावी. खरं तर ती तिचीच आहे. आमचे वडील हॉर्शच्या कारखान्यात गाद्या आणि दारांच्या आतली सजावट करत. युद्धानंतर या गाडीचा मालक परतला नाही, तेव्हा वडिलांनी ती शेळ्यांच्या गोठ्यात पेंढ्याखाली लपवली. मी १९५९ साली पश्चिम जर्मनीत निघून आलो. वडील गेले. गुद्रुन तिथेच पूर्वेत ट्राबांट मोटारींच्या कारखान्यात राबली आणि तिने गाडी सांभाळली. बर्लिनची भिंत पडल्यावर तिने ती माझ्या ताब्यात दिली. म्हणाली, “चालती कर. नवरी करू नकोस.”

मी नवरी केली. दोन्ही दारांच्या आतल्या फळ्यांना कीड लागली होती. त्या काढून मी शेगडीत घातल्या आणि अक्रोडाच्या नव्या बसवल्या. १९९३ च्या मे महिन्यात गुद्रुन गाडी बघायला आली. दारावर हात फिरवून तिने विचारलं, “जुन्या फळ्या उलटून बघितल्यास का रे?”

“त्यात काय बघायचं? भुसा झाला होता त्यांचा.”

“बाबा प्रत्येक फळीमागे पेन्सिलीनं लिहायचे. नाव, तारीख, त्या दिवशी घरात काय झालं ते. माझा पहिला दात पडला तेही त्यांनी लिहिलं होतं.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं, तूही त्याच बापाचा मुलगा आहेस.”

ती गाडीत बसली नाही. संध्याकाळच्या रेल्वेने परत गेली. दर नाताळला तिच्याकडून टपालाने येणारा स्टॉलनचा केक त्या वर्षापासून बंद झाला. मी तीन पत्रं लिहिली. तिन्हींत कीड किती खोल गेली होती तेच समजावत बसलो. चूक झाली, हे एकातही लिहिलं नाही. ते इथे लिहितो. गुद्रुन, माझी चूक झाली.

५. मागच्या सीटच्या डाव्या बाजूची फळी मूळची आहे. तिथलं कातडं शाबूत होतं म्हणून मी ते उचकटलं नव्हतं, नुसता रंग दिला होता. तिच्यामागे काही लिहिलेलं आहे की नाही, मला माहीत नाही. अठ्ठावीस वर्षं माझ्या हाताशी हत्यारं होती, पण मी ती फळी काढलेली नाही. नुर्तेनने गाडी त्स्विकाऊला घेऊन जावी आणि गुद्रुनच्या देखत फळी सोडवावी. उलटायची ती गुद्रुनने. मागे काहीच नसेल तर तिने मला हव्या त्या शिव्या द्याव्यात. लिहिलेलं असेल तर ते कोणी माझ्या थडग्याशी येऊन वाचू नये. ते तिचं आहे.

आमच्या कायद्यात हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोघांना बोलावलं आहे. नुर्तेनला यातून लाभ होतो म्हणून तिला बाहेर बसवलं आहे. ती चहा करते आहे.

सही: लोथर ग्योपफर्ट
साक्षीदार: आन्सगार र्‍योस्लर, शेजारी
साक्षीदार: वाल्ट्राउड हेफेले, बेकरीवाल्या
स्थळ: एस्लिंगेन, वर्कशॉपमध्ये, गाडीशेजारी
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२१

(हा कागद चौकटीत लावू नये. मी पाठीमागेही लिहिलं आहे.)