तक्त्यातून गळलेली तीन माणसं

तीर्थरूप बाबा,
तुमच्या धाकटीचा नमस्कार. मी ठणठणीत आहे. साथीमुळे आमचे वर्ग मोबाइलवर भरतात आणि दुपारी आम्हा विद्यार्थ्यांना विद्यापीठाच्या संशोधन विभागात कामाला लावलंय. जेवणाचे हाल नाहीत.

विभागातल्या सरांनी घरच्यांसाठी दिलेल्या आणि मी तुम्हाला पाठवलेल्या तापाच्या गोळ्या घेऊ नका, असं मी फोनवर म्हटलं. त्याचं कारण तेव्हा खोलीत सगळ्यांदेखत सांगता येईना, म्हणून लिहितेय.

त्या गोळीची चाचणी ज्यांच्यावर चाललीये, त्यांची माहिती मी तक्त्यात भरते. सोमवारी त्यातली तीन नावं गायब. सर म्हणाले, "ते स्वतःहून सोडून गेले." मला पटेना. गोळीनंतर तिघांचा ताप वाढला, हे मीच लिहिलं होतं.

त्या तिघांत एक शिंपी आहे, त्याला मी फोन केला. तो म्हणाला, "मी कुठे सोडलं, ताई? तुमच्याच माणसाने सांगितलं, आता येऊ नका."

सरांनी ती तीन नावं नसलेल्या नव्या तक्त्यावर माझी सही मागितली. मी केली नाही. जुना तक्ता विद्यापीठाच्या, चाचण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीकडे दिला आणि पोच घेतली. काल चाचणी थांबली. आज माझा पासवर्ड चालत नाहीये. बिघाड आहे म्हणे.

बाबा, आईला फोन द्या म्हटलं की तुम्ही "झोपलीये" म्हणता. तीनदा झालं. तिने गोळ्या आधीच सुरू केल्या होत्या का? मला बरं वाटावं म्हणून काही दडवू नका. रविवारच्या गाडीने मी येतेय, दार तिलाच उघडू दे.

तुमची,
धाकटी