फळीवरचे तीन रिकामे खिळे

दादा,

भात-भाजी झाकून ठेवली आहे, गरम करून घे. मी कॉलनीच्या सभेला चालले आहे, सातपर्यंत येईन.

नवं वर्ष लागून आठ दिवस होत नाहीत तोवर तीन घरांत चोरी झाली. आधी शिक्षिकाबाई, मग दातांचे डॉक्टर आणि काल भरदुपारी कोपऱ्यावरच्या नर्सबाई. एकही कुलूप तुटलेलं नाही, आणि तिन्ही तू बसवलेली. आता सगळ्या दारांना नवी कुलपं लावायची म्हणतायत, तीही तुझ्याच हातून. ‘घरचा माणूस आहे,’ म्हणे. तुला ताप आहे असं मी सांगणार आहे, म्हणून आज बाहेर दिसू नकोस.

गिऱ्हाइकाची किल्ली हरवली तर अडायला नको, म्हणून प्रत्येक कुलपाची एक जादा किल्ली बाबा दुकानात टांगून ठेवायचे. तूही ते चालवलंस. आज केर काढताना त्या फळीकडे लक्ष गेलं. तीन खिळे रिकामे आहेत. कुठले, ते तुला सांगायला नको.

मन चिंती ते वैरी न चिंती, हे मलाही कळतं. किल्ल्या कुणाला दिल्या असशील तर मी यायच्या आत याच कागदावर नाव लिहून ठेव. सभेत या किल्ल्यांबद्दल मी तोंड उघडणार नाही. आजच्या दिवस.

माझ्या खोलीला कुलूप दिसेल. ते बाजारातल्या दुसऱ्या माणसाकडून आणलंय. त्याची जादा किल्ली फळीवर नाही.

धाकटी