शाझियाच्या नावाची फळी

१४ डिसेंबर २००३

शालवाल्या बशीरभाईंनी फळी आणली. खरंच आणली! मागच्या हिवाळ्यात बोलले होते तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं. काश्मीरपासून रायपूरपर्यंत, शालींच्या गठ्ठ्यात गुंडाळून, दोन गाड्या बदलून. ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "लो भास्करभाई, शाझिया का गिटार."

त्यांच्या परसात अक्रोडाची दोन झाडं, आजोबांनी लावलेली. पाच वर्षांपूर्वीच्या बर्फात एक आडवं झालं. शाझिया, म्हणजे त्यांची मुलगी, त्या झाडावर चढूनच मोठी झालेली. दोन दिवस जेवली नाही म्हणे. बाकीचं लाकूड नक्षीकाम करणारे घेऊन गेले, ही एवढी एकच फळी बापाने माळ्यावर जपून ठेवली. आता पोरीला गिटारचं वेड लागलंय. माझ्या मागच्या खोलीतल्या गिटारी बशीरभाई चार हिवाळे बघताहेत, म्हणून हे काम माझ्याकडे.

दुसरं झाड अजून उभं आहे. त्याचेच अक्रोड दरवर्षी माझ्या बायकोसाठी, चित्रासाठी येतात. आजही आले. चित्राने पितळी ताट पुढे केलं आणि त्यांनी पिशवी त्यात रिकामी केली. शाली दाखवायच्या आधी हे व्हायलाच हवं, असा आमच्या घरचा शिरस्ताच झालाय.

फळी बोटाच्या पेराने ठोकून पाहिली. शिसम टणटणतं, हे गोल बोललं. आजवर अकरा गिटारी केल्या, सगळ्या शिसमच्या. अक्रोडाला पहिल्यांदाच हात लागणार. मजुरी घेणार नाही असं सांगून टाकलं. पुढच्या हिवाळ्यात तयार ठेवतो, असा शब्दही दिला.

१५ डिसेंबर

फळीच्या मागच्या बाजूला पेन्सिलने काहीतरी उर्दूत लिहिलंय. विचारलं तर बशीरभाई लाजले. पोरीचं नाव. "ताकि रास्ते में किसी और की न हो जाए."

२१ डिसेंबर

नत्थू मिस्त्रींना फळी दाखवली. लाकूड कापायच्या आरा मशीनवर चाळीस वर्षं काढलेला माणूस, माझा लाकडातला गुरू. वास घेतला, नखाने खरवडली आणि म्हणाले, हिला आधी इथलं पाणी कळू दे. रायपूरचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघू दे, मग काप. मी म्हटलं, बरं. "हव. घाई झन करबे," घाई करू नको, असं ते दोनदा म्हणाले. माझा स्वभाव त्यांना माहीत आहे.

३ मार्च २००४

बशीरभाई परत निघाले. फळी कपाटामागे उभी केलीय. जाताना तिच्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटले. दुआ असावी.

९ मे

उन्हाने जीव नकोसा केलाय. ऑफिसात त्याहून वाईट. अनंतराव बाबू जेवणाच्या सुट्टीत कानाशी आले — "भास्करा, बदल्यायची यादी निघून राहिली. तुह्यं नाव आहे म्हणतात. कोंट्याले."

कोंटा! बस्तरच्या पार टोकाला. लेकीचं, अनुश्रीचं, यंदा दहावीचं वर्ष. चित्राची शाळेतली नोकरी इथे. घरी सांगितलं नाही. जेवणही गेलं नाही.

१२ मे

आज मोठ्या साहेबांनी मी काढतोय ते नव्या राजधानीचे नकाशे बघायला बोलावलं. गावांच्या हद्दी, शेतं, तळी, आणि त्यांच्यावरून आमचे सरळ रस्ते. बघून झाल्यावर सहज म्हणाले, "सुना है आप गिटार बनाते हैं? हमारे बेटे को भी शौक चढ़ा है."

मी म्हटलं, "सर, मैं बना दूँगा. अखरोट की."

अक्रोडाचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. शिसमची दिली असती तरी खूश झाले असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण खरं सांगायचं तर साहेबांचे डोळे मोठे झालेले मला बघायचे होते. झाले.

१६ मे

फळी सायकलला बांधून आरा मशीनवर नेली. नत्थू मिस्त्री बघतच राहिले. "ये तो कश्मीर वाले की है ना?" मी म्हटलं, त्यांना दुसरी मिळेल. कुठून मिळेल ते मलाही माहीत नव्हतं. मिस्त्रींनी फळी उचलली. मशीन चालू केली. पातळ फाळके निघाले, पुस्तक उघडावं तशा दोन्ही बाजूंच्या रेषा एकमेकींना जुळल्या. इतकं सुंदर लाकूड मी आजवर पाहिलेलं नाही. मिस्त्रींनी चहा घे म्हटलं नाही. असं पहिल्यांदाच झालं.

१७ मे

पेन्सिलचं नाव एका फाळक्यावर राहिलं होतं. रंधा मारला. तीन फटक्यांत गेलं. अनुश्रीसाठी करतोय, अनुश्रीसाठी करतोय, असं मनात म्हणत होतो. तीही पंधराची, शाझियाही पंधराची.

६ जून

हे लिहायलाही लाज वाटते, पण काम करताना मजा येतेय. बाजूच्या पट्ट्या तापलेल्या नळीवर धरल्या की शिसम हट्ट करतं, करपतं, कधी मोडतं. अक्रोड शहाण्या लेकरासारखं वळलं. कंबरेची वळणं एका दुपारात झाली. हातांना काही कळत नाही की फळी कुणाची आहे. ते आपले आनंदात चालतात. शिट्टी वाजवत होतो. चित्रा दारात येऊन उभी राहिली तेव्हा बंद केली.

चित्राला अजून वाटतं, ही बशीरभाईंचीच.

११ जुलै

साहेबांच्या बंगल्यावर देऊन आलो. आवाज शिसमसारखा भपकेबाज नाही. मऊ, जवळ बसून बोलल्यासारखा. साहेबांनी खांद्यावर थाप मारली. मुलगा कोचिंगला राजस्थानात कोट्याला गेलाय, दिवाळीला येईल.

घरी आलो तर अनुश्री — "बाबा, शाझिया वाली गिटार कहाँ गई? बन गई क्या?" मग सांगावंच लागलं. चित्रा सगळं ऐकून पोळ्या लाटत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "आपल्या पोरीचं नाव मधात आणू नका. तिनं मांगितलं नव्हतं."

१९ जुलै

बदल्यांची यादी लागली. माझं नाव नाही. सुटलो! पेढे आणले. चित्राने देवापुढे ठेवले, पण स्वतः खाल्ला नाही.

८ ऑगस्ट

बशीरभाईंना पत्र लिहिलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, कारण शाझियाच वाचून दाखवणार. लिहिलं की रायपूरच्या उन्हाने फळी तडकली, आरपार, काही उपयोगाची राहिली नाही, फार वाईट वाटतं. शेवटचं तेवढं खरं होतं.

चित्राने विचारलं, "काहून खोटं लिहून राहिले? खरं लिहा ना त्याले. शिव्या देईन, अजून काय करन?" मी चिडलो, तिच्यावर ओरडलो. ती बरोबर बोलली म्हणूनच ओरडलो. पाकीट तसंच टपालपेटीत टाकलं.

१४ सप्टेंबर

शाझियाचं उत्तर आलं. शाळकरी, गोल अक्षर. लिहिते, अंकल, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, लाकूडच ते, तडकतं. तुमची मेहनत वाया गेली याचंच अब्बांना वाईट वाटलं. त्यांनी निरोप सांगितलाय की मी येईपर्यंत थांबा, काहीतरी बंदोबस्त करतो. खाली लहान गिटारचं चित्र काढलंय.

पत्र चित्राला दाखवायची हिंमत झाली नाही. रंध्याच्या पेटीत ठेवलं. रोज रंधा घ्यायला पेटी उघडतो आणि रोज दिसतं.

५ ऑक्टोबर

अनंतरावांबरोबर चहा. यादीचा विषय निघाला. मी म्हटलं, साहेबांची कृपा. ते हसले. "कायची कृपा? एप्रिलमधीच कटलं होतं तुह्यं नाव. राजधानीचे नकाशे झाल्याबिगर तुले कोण सोडते? मले बी मागून समजलं."

एप्रिलमध्ये. मी फळी मे महिन्यात कापली.

चहा तसाच टाकून उठलो. म्हणजे त्या गिटारने काहीच वाचवलं नाही. ना अनुश्रीची दहावी, ना चित्राची नोकरी. एका पोरीचं नाव मी रंध्याने उडवलं ते कशासाठी, याला आता उत्तरसुद्धा उरलं नाही.

१७ नोव्हेंबर

बंगल्यावर गेलो. तारा बदलायच्या आहेत असा बहाणा केला. गिटार दिवाणखान्यात खिळ्याला टांगलेली. दिवाळीला मुलगा आला होता, त्याने आता कीबोर्ड घेतलाय. मी धीर करून मॅडमना म्हटलं, हिच्याबदली दुसरी आणून देतो, याहून चांगली, शिसमची, ही मला परत द्या. त्या म्हणाल्या, "अरे नहीं, दीवार पर कितनी अच्छी लगती है." चहा पाजला. बिस्किटं दिली. मी चोरी केली आणि मलाच पाहुणचार!

२१ नोव्हेंबर

ठरलं. बशीरभाई आले की पहिल्यांदा खरं सांगायचं. मग चहा. शिव्या दिल्या तर ऐकायच्या, मारलं तरी चालेल. शिसमची एक गिटार अर्धी झालीय, ती शाझियासाठी. तिने भरपाई होत नाही हे कळतं. पण रिकाम्या हाताने कसं सांगू?

नत्थू मिस्त्रींकडेही गेलो होतो. सगळं कबूल केलं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, चहा मागवला. "मेरे को क्या बताता है," म्हणाले, "जिसकी है उसको बता."

३० नोव्हेंबर

बूढापारा मोहल्ल्यात शालवाले उतरलेत. बशीरभाई नाहीत. दरवर्षी सगळ्यांत आधी येणारा माणूस! त्यांच्या गावचा एकजण म्हणाला, तहसीलमध्ये कसल्यातरी कागदासाठी खेटे घालताहेत, निघतील. तब्येत बरी आहे ना, विचारलं. बरी आहे म्हणाला. खरं सांगतो, ते आले नाहीत हे कळल्यावर क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. नंतर स्वतःची किळस आली.

१२ डिसेंबर

गिटार पूर्ण. पॉलिश वाळतंय. बशीरभाई काल पोचले, उद्या सकाळी येतो असा निरोप आलाय. काय बोलायचं ते कागदावर हिंदीत लिहून पाठ केलं. चित्रा म्हणाली, "मी बाजूले बसतो. भिऊ नका." पाच महिन्यांत पहिल्यांदा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

१३ डिसेंबर २००४

आले. मी तोंड उघडायच्या आत खांद्यावरचं घोंगडं ओट्यावर सोडलं. आत दोन फळ्या. ओल्या, जड, टोकांना अजून ओलसर वास.

"दो लाया हूँ भास्करभाई. एक फट जाए तो दूसरी रहे. पेड़ काटने की इजाज़त मिलने में देर हो गई. गीली है, दो-तीन साल सूखने देना. शाझिया कहती है, रुक जाएगी."

चित्रा सवयीने पितळी ताट घेऊन आली होती. बशीरभाईंनी ते तिच्या हातातून घेतलं आणि बाजूला ठेवलं. "अब अखरोट नहीं होंगे, दीदी."